लार्झाकचं पठार आणि एकशेतीन सह्या

दक्षिण फ्रान्समधल्या लार्झाकच्या पठारावर पाऊस बऱ्यापैकी पडतो, पण पाणी टिकत नाही. खाली सगळा चुनखडीचा दगड. पडलेलं पाणी भेगांतून खाली उतरतं, आतल्या भुयारांतून वाहत जातं आणि पठाराच्या पायथ्याशी, दऱ्यांमध्ये, झरे होऊन बाहेर येतं. वर ना नदी, ना ओढा. सुमारे हजार चौरस किलोमीटरचा हा मुलूख बराचसा आव्हेरों जिल्ह्यात येतो, थोडा एरो जिल्ह्यात. उंची साधारण सहाशे ते नऊशे मीटर. हिवाळ्यात झोंबणारा वारा आणि बर्फ, उन्हाळ्यात भाजून काढणारं ऊन.

माझं बालपण माण तालुक्यात गेलं. कुठल्याही नव्या मुलखात पाऊल टाकलं की माझी नजर आधी पाणी हुडकते. मोंपेलिएला राहणाऱ्या भाचीबरोबर लार्झाकला गेले तेव्हाही तसंच झालं. ला कुव्हेर्त्वाराद नावाचं तटबंदीचं जुनं गाव बघायला लोक लांबून येतात. मी मात्र तटाच्या बाहेर, एका उथळ गोल तळ्यापाशीच थबकले. याला तिथे लाव्होन्य म्हणतात. जमिनीचा उतार पाहून, पावसाचं पाणी आपोआप जमा होईल अशी खोलगट जागा हेरायची, तळाला चिकणमाती धोपटून बसवायची, आणि मेंढ्यांच्या खुरांनी ती उखडू नये म्हणून वर दगडांची फरसबंदी करायची. काठ इतका सपाट उतरत जातो की शंभर मेंढ्या एकाच वेळी कडेकडेने उभ्या राहून पाणी पिऊ शकतात. माणसांसाठी छपरावरचं पाणी. मेंढवाड्यांची छपरं मोठी, पन्हळीतून पाणी उतरतं ते टाक्यात. थेंबन् थेंब अडवणारी माणसं पाहिली की मला ती ओळखीची वाटतात, मग ती कुठली का असेनात.

शेतीला माती आहे ती फक्त खड्ड्यांमध्ये. चुनखडी विरघळून जागोजागी जमीन बशीसारखी खचली आहे आणि त्या बशीत शतकानुशतकं वाहून आलेली लाल माती साचली आहे. तेवढ्यात जव, ओट, मेंढ्यांसाठी वैरण. वावर नांगरताना निघालेले दगड कडेला रचत गेले, त्यांचे बांध झाले, बांध पुरून उरले तेव्हा ढीग झाले. चुना-सिमेंट काही न वापरता नुसता दगडावर दगड बसवून धनगरांच्या छोट्या गोल खोपटी उभ्या केल्या. कोरड्या दगडी रचाईची ही कला फ्रान्ससह युरोपातल्या आठ देशांच्या नावे २०१८ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. पण लार्झाकवर ज्यांनी बांध रचले त्यांना शेत मोकळं करायचं होतं आणि मेंढरं पिकात शिरू द्यायची नव्हती, एवढाच त्यांचा हेतू असणार.

घरांचंही तसंच. पठारावर झाडं कमी, त्यामुळे लांब तुळया मिळणार कुठून? मग घराला आणि मेंढवाड्याला दगडी कमानींचं छत. कमानीवर कमान टाकत शंभर-शंभर फूट लांबीचे मेंढवाडे उभे केले. जुन्या घरांमध्ये खाली मेंढ्या, वर माणसं, वर जायला बाहेरून दगडी जिना. थंडीत खालच्या मेंढ्यांची ऊब वरच्या खोल्यांना मिळायची. छपरावर चपटे दगड, कौलांसारखे एकावर एक चढवलेले, त्यांचं वजन पेलायला भिंती हातभर जाड. अशा घरांच्या दारावर अजूनही कार्दाबेल नावाचं मोठं काटेरी फूल ठोकलेलं दिसतं. ते जमिनीला चिकटून उगवतं, वाळलं तरी पाकळ्या जिवंत असल्यासारख्या वागतात. हवेत ओल आली की मिटतात, कोरड पडली की उघडतात. पावसाचा अंदाज दारावरच टांगलेला. पर्यटकांनी खुडून खुडून ते इतकं कमी झालं की आता तोडायला मनाई आहे.

आता मेंढ्यांकडे येते, कारण लार्झाकचं सगळं तिथूनच सुरू होतं.

इथली मेंढी लाकोन जातीची. लोकर जेमतेम, अंगावर पाठीपुरती, डोकं आणि पाय उघडे. तिचं मोल दुधात. दिवसातून दोनदा दोहन, हिवाळ्यात विण्याचा हंगाम संपला की पुढे जुलैपर्यंत. हे दूध न तापवता रोकफोर चीजसाठी जातं. पठाराच्या पश्चिमेला कोंबालू नावाच्या डोंगराचा कडा फार पूर्वी कोसळला आणि त्या पडझडीत मोठमोठ्या भेगा राहिल्या. भेगांतून बाराही महिने गार, ओलसर हवा वाहते. तिथले लोक या भेगांना फ्लरीन म्हणतात. डोंगराच्या पोटात मजल्यावर मजले खोदून तळघरं केली आहेत आणि त्यांत चीजचे गोल लाकडी फळ्यांवर पिकत ठेवतात. बुरशी पूर्वी राय नावाच्या धान्याच्या पावावर वाढवत. चीजला सुयांनी आरपार भोकं पाडायची, म्हणजे हवा आत जाते आणि निळी-हिरवी नक्षी पसरते. एका किलो चीजला साधारण साडेचार लिटर दूध लागतं. १४११ साली राजा सहाव्या शार्लने रोकफोर गावच्या लोकांना हे चीज पिकवण्याचा एकाधिकार दिला आणि १९२५ साली फ्रान्सच्या संसदेने कायदा करून त्या नावाला संरक्षण दिलं. चीजच्या नावाला असं कायदेशीर संरक्षण फ्रान्समध्ये त्याआधी कुठल्याच चीजला नव्हतं.

दुधाच्या मागे आणखी एक धंदा उभा राहिला. दूध माणसाला हवं, म्हणून कोकरं लवकर आईपासून तोडायची. त्या कोवळ्या कातड्यांचे हातमोजे खालच्या दरीतल्या मियो शहरात शिवले जात. युरोपभर मियोचे हातमोजे नावाजलेले होते. आज त्या शहराचं नाव निघालं की लोकांना तार्न नदीवरचा तो उंच पूल आठवतो, २००४ सालचा, ज्याचा एक मनोरा ३४३ मीटरपर्यंत जातो. पुलावरून सुसाट जाणाऱ्या गाड्या लार्झाकवरूनच पुढे समुद्राकडे उतरतात. त्यातल्या फार थोड्या थांबतात.

थांबणारे बहुतेक जण टेम्प्लर सरदारांच्या किल्ल्यांसाठी थांबतात. बाराव्या शतकात या लढवय्या साधूंना पठारावर जमिनी मिळाल्या. सँत-ऊलाली इथे त्यांचं ठाणं होतं. घोडे पोसायचे, मेंढ्या पाळायच्या, उत्पन्न जेरुसलेमकडे पाठवायचं. चौदाव्या शतकाच्या आरंभी त्यांचा पंथ बरखास्त झाला, मालमत्ता हॉस्पिटलर पंथाकडे गेली आणि पंधराव्या शतकात, लुटारू टोळ्यांच्या धामधुमीत, गावांभोवती तट चढले. माहितीफलकांवर हे सगळं नीट लिहिलेलं आहे आणि गावं खरोखर देखणी आहेत. तरी मला राहून राहून वाटत होतं की या पठाराचा खरा इतिहास त्या तटांच्या आत संपत नाही. तो गेल्या पन्नास वर्षांतला आहे, आणि तो घडवणाऱ्यांपैकी बरेच जण अजून हयात आहेत.

ला काव्हालेरी गावाजवळ १९०२ पासून लष्कराचा तळ होता, सुमारे तीन हजार हेक्टरचा. २८ ऑक्टोबर १९७१ रोजी संरक्षणमंत्री मिशेल दब्रे यांनी जाहीर केलं की तळ वाढवून सतरा हजार हेक्टरचा करायचा. म्हणजे आणखी चौदा हजार हेक्टर, आणि त्यावरची शंभरावर शेतं. सरकारातल्या एका मंत्र्याने जाहीर बोलताना म्हटलं होतं की तिथे थोडेफार शेतकरी काही मेंढ्या राखतात, जवळजवळ मध्ययुगात असल्यासारखे जगतात. हे वाक्य पठारावर कुणी विसरलं नाही. कारण वस्तुस्थिती नेमकी उलटी होती. साठच्या दशकात बाहेरून आलेल्या तरुण कुटुंबांनी आणि स्थानिकांच्या पुढच्या पिढीने कर्ज काढून ट्रॅक्टर घेतले होते, पडीक जमिनी नांगरल्या होत्या, नवे गोठे बांधले होते, दूध वाढवलं होतं. ज्या वेळी हे पठार पुन्हा उभं राहत होतं त्याच वेळी त्याला मागासलेलं, ओसाड ठरवण्यात आलं. जमीन घ्यायची असली की आधी ती निकामी ठरवायची, ही रीत जगभर सारखीच आहे.

ही माणसं चळवळीतली नव्हती. आव्हेरों म्हणजे कट्टर कॅथलिक प्रदेश, मतदान उजवीकडे, रविवारी चर्च चुकवायचं नाही. घोषणेनंतर शहरांतून डावे तरुण, माओवादी, शांततावादी, लांब केसांची मुलं-मुली असे सगळे धावून आले, तेव्हा शेतकऱ्यांना या पाहुण्यांचं करायचं काय तेच कळेना. बंदुका काढा असं सांगणारेही त्यात होते. त्याच वेळी एक उंच, पांढऱ्या दाढीचा, हातमागाच्या कपड्यातला माणूस ला काव्हालेरीत येऊन उपासाला बसला.

लांझा देल व्हास्तो. जन्म १९०१ चा, इटलीचा. १९३६ च्या अखेरीस तो हिंदुस्थानात आला आणि १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींजवळ राहिला. सूत कातायला तिथेच शिकला. गांधीजींनी त्याला शांतिदास हे नाव दिलं. युरोपात परतल्यावर त्याने आश्रमाच्या धर्तीवर एक समूह उभा केला, त्याचं नाव आर्श, म्हणजे बायबलमधल्या नोआची नौका. साठच्या दशकात हा समूह लार्झाकच्या दक्षिण अंगाला येऊन राहिला. आपलं धान्य आपण पिकवायचं, आपलं कापड आपण विणायचं, वीज वापरायची नाही. वर्ध्याच्या मातीतलं बी इतक्या लांब, अशा दगडांत रुजलं असेल याची मला कल्पना नव्हती. सेवाग्रामला आम्ही शाळेच्या सहलीला गेलो होतो, तिथल्या फलकांवर हे नाव वाचल्याचं आठवत नाही. लार्झाकवर मात्र वर्ध्याचं नाव माझ्या तोंडून निघताच एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने ते लगेच ओळखलं.

१९७२ च्या मार्चमध्ये, वयाच्या सत्तराव्या वर्षी, शांतिदासने पंधरा दिवस उपास केला. ते ईस्टरआधीचे, उपासाचेच दिवस होते. मला वाटतं, इथेच त्याच्या बोलण्याला धार आली असावी. माओवाद्यांची पत्रकं ज्या शेतकऱ्यांना परकी वाटत होती, त्यांना उपास कळत होता. तो त्यांच्या आजीने केला होता, आई करत होती. दोन बिशपही येऊन त्याच्यासोबत उपास करून गेले, म्हणजे चर्चला जाणाऱ्यांचा संकोच गेला. शेतकरी संध्याकाळी दूध काढून झालं की तिथे येऊन बसत. वेगवेगळ्या वस्त्यांवरची, एकमेकांशी फारसं न बोलणारी माणसं त्या खोलीत एकमेकांशी बोलू लागली. २८ मार्च १९७२ रोजी, ज्यांच्या जमिनी जाणार होत्या अशा १०९ शेतकऱ्यांपैकी १०३ जणांनी शपथेवर सही केली. जमीन विकणार नाही, वेगवेगळे फुटणार नाही. लढाई अहिंसेनेच लढायची हेही तेव्हाच पक्कं झालं, आणि निर्णय शेतकरी घेतील, बाहेरून आलेले मदत करतील, हे सूत्रही. मला या दुसऱ्या सूत्राचं मोल जास्त वाटतं. कितीतरी लढे मदतीला आलेल्यांनीच बळकावले आहेत.

त्यांच्या युक्त्या अगदी शेतकऱ्यांच्या होत्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये साठ मेंढ्या पॅरिसला नेऊन आयफेल टॉवरखाली चारल्या. शहराला मेंढी दिसली, पेपरांना फोटो मिळाला. १९७३ च्या जानेवारीत सव्वीस ट्रॅक्टर पॅरिसकडे निघाले. ओर्लेआँला पोलिसांनी अडवले, तेव्हा शेतकरी उरलेला रस्ता पायी गेले. १९७८ मध्ये पुन्हा पायी, लार्झाक ते पॅरिस, ७१० किलोमीटर. उन्हाळ्यात पठारावर मेळावे भरत, १९७४ च्या ऑगस्टमध्ये सुगीच्या उत्सवाला लाखभर माणूस जमला. 'गार्दारेम लू लार्झाक', लार्झाक आम्ही राखणारच, ही घोषणा ओक्सितान भाषेतली, आजी-आजोबांच्या बोलीतली. शाळेत ज्या भाषेबद्दल मुलांना एकेकाळी शिक्षा व्हायची ती भाषा आता देशभरच्या भिंतींवर रंगवली गेली.

पण मला सगळ्यात जवळचं वाटतं ते ला ब्लाकिएरच्या मेंढवाड्याचं काम. वस्तीवरच्या शेतकऱ्याला मोठा मेंढवाडा हवा होता. जमीन तळाच्या हद्दीत येणार म्हणून बांधकामाची परवानगी मिळेना. मग १० जून १९७३ रोजी, परवानगीशिवाय, हजारोंच्या साक्षीने पहिला दगड बसला. पैसा आला तो करातून. लष्करावरच्या खर्चाचा निषेध म्हणून देशभरच्या लोकांनी आपल्या आयकराचा तीन टक्के भाग सरकारकडे न भरता इकडे पाठवला. गवंडी, विद्यार्थी, पाद्री, लष्करी सेवा नाकारलेली पोरं, सुट्टी काढून आलेल्या मास्तरणी, जे आले त्यांनी दगड घडवले. पत्र्याची शेड काही आठवड्यांत उभी राहिली असती. त्यांनी ठरवून दगडी बांधली, जुन्या पद्धतीने, कमानी घालून. पूर्ण व्हायला तीन वर्षं गेली. जिथे तोफांचा सराव व्हायचा होता तिथे त्यांनी शेकडो वर्षं टिकेल अशी वास्तू बांधली, आणि ती मेंढ्यांसाठी. १९७५ च्या मार्चमध्ये एका रात्री याच वस्तीवरच्या घरात बॉम्ब फुटला. आत मुलंबाळं झोपलेली होती, नशिबाने कुणाच्या जिवावर बेतलं नाही. कुणी ठेवला ते कधीच सिद्ध झालं नाही. काम थांबलं नाही.

मी तो मेंढवाडा पाहिला. आत गेल्यावर आधी वास येतो, मग गारवा लागतो, मग कमानी दिसतात. एकसारख्या, एकामागे एक. बाराव्या शतकातल्या चर्चमध्ये उभं राहून जे वाटलं नव्हतं ते मला इथे वाटलं, आणि खाली मेंढ्या वैरण खात होत्या. वास्तू उभी राहिली तेव्हा मी तिसरीत होते. एवढ्या अलीकडच्या गोष्टीला वारसा म्हणावं का, असं भाचीने विचारलं. मी हो म्हटलं. जी गोष्ट कामासाठी बांधली, जिच्यासाठी माणसांनी जोखीम पत्करली आणि जी आजही त्याच कामासाठी वापरात आहे, तिला वारसा म्हणायला मला आणखी पाचशे वर्षं थांबायची गरज वाटत नाही.

लढा दहा वर्षं चालला. या काळात शेतकऱ्यांनी लष्कराच्या ताब्यातल्या जमिनी नांगरल्या, सरकार देईना म्हणून पाण्याची नळयोजना आणि टेलिफोनच्या तारा स्वतः टाकल्या, लष्कराने विकत घेऊन रिकाम्या ठेवलेल्या घरांमध्ये नवी कुटुंबं नेऊन बसवली. १९७६ मध्ये मोंरदोंच्या अशाच एका ओसाड वस्तीवर राहायला आलेल्यांत झोझे बोव्हे नावाचा तरुण होता. पुढे १९९९ साली, अमेरिकेने रोकफोरवर शंभर टक्के आयातकर लावल्यावर, मियोमधल्या मॅकडोनाल्डच्या अर्धवट इमारतीची मोडतोड करणाऱ्यांत तो आघाडीवर होता आणि जगभर गाजला. तिथल्या लोकांशी बोलताना मात्र त्याच्याबद्दल फारसं निघालं नाही. सह्या करणाऱ्या १०३ जणांबद्दल, त्यांच्या बायकांबद्दल निघालं. सह्या बहुतेक पुरुषांच्या होत्या, पण पतीराज मोर्चाला गेले की दोन्ही वेळचं दूध काढायला घरी त्याच राहायच्या. हे मला तीन वेगवेगळ्या घरांत बायकांनीच सांगितलं.

मे १९८१ मध्ये फ्रान्स्वा मित्तराँ राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले आणि ३ जूनला तळाचा विस्तार रद्द झाला. वार्ता इथे संपली असती तर ती लढ्याची गोष्ट झाली असती. पण मला त्यापुढचं जास्त विलक्षण वाटतं. दहा वर्षांत लष्कराने, मुख्यतः पठारावर न राहणाऱ्या मालकांकडून, सुमारे ६,३०० हेक्टर जमीन विकत घेऊन ठेवली होती. ती आता सरकारच्या नावावर होती. शेतकऱ्यांनी ती आपापसांत वाटून मागितली नाही. १९८५ मध्ये सगळ्यांची मिळून एक संस्था स्थापन झाली आणि सरकारने ती सगळी जमीन, घरांसकट, त्या संस्थेला दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिली. मुदत आता २०८३ पर्यंत वाढवली आहे.

संस्थेचा नियम असा: जो कसतो त्याला जमीन आणि घर, कामाची वर्षं संपेपर्यंत. निवृत्त झाला की दोन्ही सोडायचं. मुलाला आपोआप मिळत नाही, विकता येत नाही, सुट्टीचं घर म्हणून ठेवता येत नाही. नवी कुटुंबं अर्ज करतात आणि तिथल्याच शेतकऱ्यांची समिती निवड करते. दक्षिण फ्रान्समध्ये खेड्यामागून खेडी शहरी लोकांच्या उन्हाळी घरांनी भरली आणि हिवाळ्यात ओस पडली. लार्झाकच्या या भागात शाळा चालू राहिल्या, शेतकरी वाढले. आपल्याकडे सातबारा म्हणजे जीव की प्राण. जमिनीच्या तुकड्यापायी सख्खे भाऊ कोर्टात उभे राहिलेले मी माझ्याच घरात पाहिलेत. म्हणून हा नियम ऐकला तेव्हा आधी माझा विश्वासच बसेना. ज्या जमिनीसाठी दहा वर्षं झगडले ती आपल्या नावावर असू नये, हे त्यांनीच ठरवलं होतं.

हे सोपं अर्थातच नाही. चाळीस वर्षं ज्या घरात काढली, ज्याच्या भिंती स्वतः दुरुस्त केल्या, तिथून पासष्टीला बाहेर पडायचं. आयुष्यभर भाडं भरून हाताशी घर नाही. यावर संस्थेत वर्षानुवर्षं चर्चा चालू आहे, आणि ती कडवटही होते. तिथे भेटलेल्या एका निवृत्त बाईंच्या बोलण्यातून ते जाणवत होतं. त्यांचा नियमाला विरोध नव्हता. पण त्यांना बाग सोडून यावी लागली होती, आणि बाग हा शब्द उच्चारताना त्या क्षणभर थांबल्या.

वारशाचा सरकारी शिक्का उशिरा बसला. २०११ मध्ये लार्झाकसह कोस (इथली चुनखडीची पठारं) आणि शेजारच्या सेव्हेन डोंगरांचा सुमारे तीन हजार चौरस किलोमीटरचा प्रदेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला. नोंद आहे ती मेंढपाळीने घडवलेल्या भूप्रदेशाची. चराऊ रानं, मेंढ्यांच्या वाटा, पाण्याची तळी, दगडी गोठे, सगळं मिळून. मला ही नोंद शहाणपणाची वाटते, कारण पठाराचं ते मोकळं, गवताळ रूप निसर्गतः तसं नाही. मेंढ्यांनी चरून चरून ते तसं राखलं आहे. चराई थांबली की आधी झुडपं येतात, जुनिपर आणि बक्ससारखी, मग पाइन, आणि एका पिढीत गवत नाहीसं होतं. त्यासोबत गवतावर जगणारे ऑर्किड आणि पक्षीही. तळं कितीही सुंदर बांधलेलं असो, मेंढ्या यायच्या थांबल्या की त्याची फरसबंदी वर येते.

आणि धोका आता बाहेरून कमी, आतून जास्त आहे. रोकफोरसाठी दूध जितकं जास्त तितका पैसा. जास्त दूध देणारी मेंढी घरात बांधून, पेरलेला चारा आणि खुराक खाऊन जास्त देते, दगडांत फिरून कमी. त्यामुळे कळप मोठे झाले तरी दूरची रानं न चरलेली राहतात. काही शेतकऱ्यांनी नव्वदच्या दशकात मोठ्या कंपन्यांवरचं अवलंबन कमी करायला स्वतःची सहकारी संस्था काढली. 'बेर्जे द्यु लार्झाक' या नावाने तिचं चीज आणि दही विकलं जातं. ला काव्हालेरीतल्या दुकानातून आम्ही घेतलं, आणि मी दह्याला शंभर टक्के गुण देते.

लष्करी तळ अजून आहे, आपल्या मूळच्या तीन हजार हेक्टरांवर. २०१६ मध्ये तिथे परदेशी पलटणीची, म्हणजे फॉरिन लीजनची, तेरावी तुकडी आली. गावातल्या दुकानदारांना बरं वाटलं, जुन्या लढवय्यांना नाही. या तळाचा एक भाग माहितीफलकांवर फारसा येत नाही. अल्जीरियाच्या युद्धात, १९५९ ते १९६२, इथे हजारो अल्जीरियन माणसांना संशयावरून, खटल्याविना कोंडून ठेवलं होतं. आणि १९६२ मध्ये फ्रान्सच्या बाजूने लढलेल्या अल्जीरियन सैनिकांच्या कुटुंबांना इथेच तंबूंत आणून ठेवलं. टेम्प्लरांच्या तटाला दिशादर्शक पाट्या आहेत तशी यालाही ठळक पाटी असायला हवी, असं मला मनापासून वाटतं. पठाराने जे राखलं तेवढंच सांगायचं आणि पठारावर जे घडलं ते वगळायचं, हे १०३ सह्यांना शोभत नाही.

बाग सोडून आलेल्या त्या बाईंकडे आम्ही पुन्हा एकदा गेलो. त्यांच्या शेतावर आता एक तरुण जोडपं आहे, उत्तरेकडच्या शहरातून आलेलं. निवड समितीत त्यांच्या बाजूने बाईंनी स्वतः हात वर केला होता. त्या दोघांनी रोकफोरला दूध देणं बंद केलं आहे, शेळ्या आणल्या आहेत, स्वतः चीज करून बाजारात विकतात. ते बाईंना पटतं. मेंढ्या मात्र निम्म्यावर आणल्या आहेत, आणि ते त्यांना अजिबात पटत नाही. वरच्या रानात जुनिपर गुडघ्यापर्यंत आलंय, तुम्हाला दिसत नाही का, असं त्या पोरांना तोंडावर सांगतात. पोरं म्हणतात, शेळ्या खातील. बाई म्हणतात, शेळी जुनिपर खाते तोवर मी शंभरीची होईन. आम्ही निघालो तेव्हा त्यावरच बोलायला त्या तिकडे चालल्या होत्या, हातात कोयता घेऊन.